पदवी नसलेलं विद्यापीठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही वर्धेकर त्यांना तिकडे घेऊन जातो. बापूकुटी दाखवतो, आदी निवास दाखवतो, पिंपळाखाली दोन मिनिटं बसवतो आणि परत आणतो. मीही आयुष्यभर हेच केलं. आश्रमाच्या जवळच नयी तालीमचा परिसर आहे. तिथे मात्र फारसं कुणी वळत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तिथे एका छोट्या विद्यापीठाचा प्रयोग झाला होता, हे तर आमच्या जिल्ह्यातल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, कारण माझे मामा तिथे शिकले.

मामांची पत्र्याची पेटी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. त्यात एक टकळी होती, दोन धोतरं होती आणि चार वह्या होत्या. मी एकतीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. इतरांचे कागद वाचण्यात हयात गेली, पण घरचे कागद वाचायला निवृत्तीनंतरचा काळ उजाडावा लागला. त्या वह्यांच्या निमित्ताने आज बोलतो आहे.

गोष्ट सुरू होते १९३७ साली. त्या वर्षी प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि गांधीजींपुढे एक पेच उभा राहिला. मुलांना शाळेत घालायचं तर पैसा हवा, आणि सरकारला शिक्षणासाठी पैसा मिळत होता तो बऱ्याच अंशी दारूवरच्या करातून. दारूबंदी करायची तर शाळा बंद ठेवायच्या का? यावर त्यांनी 'हरिजन'मधून आपला विचार मांडला. शिक्षण हाताच्या कामातून द्यावं, म्हणजे मूल शिकेलही आणि शाळेचा काही खर्चही निघेल. त्यावर चर्चा करण्यासाठी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातल्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. हेच पुढे नवभारत विद्यालय झालं. अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेचं माध्यम, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम असे ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने डिसेंबरच्या आरंभी अहवाल हातात ठेवला. दीड महिन्यात अहवाल! हल्ली समितीची पहिली बैठक ठरायला एवढा वेळ लागतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या असं मात्र नव्हे. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी शाळा स्वावलंबी करण्याच्या कल्पनेला उघड विरोध केला होता. मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गावातल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, आणि कमाईच्या मागे लागून शाळेचा कारखाना होईल, अशी शंका तेव्हापासूनच होती. विरोध करणाऱ्या शहांनाही झाकीर हुसेन समितीत घेतलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि ती राबवण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकीर हुसेन आणि मंत्री ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. हे मूळचे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघंही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, काळ्या मातीच्या चिखलात या जोडप्याने पुढे सारं आयुष्य काढलं. १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद कला शिकवायला आले. पुढे मार्जोरी साइक्स या इंग्रज विदुषी आल्या आणि त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचं काम सांभाळलं. शेगाव नावाचं एक सामान्य खेडं, १९४० साली त्याचं नाव बदलून सेवाग्राम झालं, आणि तिथे ही माणसं एकत्र आली.

१९४२ च्या आंदोलनात कार्यकर्ते तुरुंगात गेले. सुटून आल्यावर जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा शिक्षण परिषद झाली आणि तिथे नयी तालीमचा पसारा एकदम मोठा झाला. शिक्षण केवळ सात ते चौदा वर्षांच्या मुलांचं नाही, ते जन्मापासून मरणापर्यंतचं आहे, असं गांधीजींनी मांडलं. मग पायऱ्या ठरल्या. लहानग्यांसाठी पूर्व बुनियादी, मग बुनियादी, किशोरांसाठी उत्तर बुनियादी आणि सर्वांत वर उत्तम बुनियादी. ही शेवटची पायरी म्हणजे आपल्या भाषेत विद्यापीठ. शिवाय प्रौढांचं शिक्षण होतंच. उत्तर बुनियादीतल्या मुलांनी शिकता शिकता आपलं अन्नवस्त्र स्वतःच्या कष्टाने मिळवावं, ही अपेक्षा होती.

उच्च शिक्षणाबद्दल गांधीजींची मतं आधीपासून तिखट होती. १९३७ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की ज्या उद्योगांना अभियंते लागतात त्यांनीच त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, वैद्यकीय महाविद्यालयं रुग्णालयांना जोडावीत, आणि शेतकी महाविद्यालयाला तर आपला खर्च आपल्या शेतातून काढता आलाच पाहिजे. जे स्वतःची शेती फायद्यात करू शकत नाही, ते शेतकऱ्याला काय शिकवणार? स्वातंत्र्यानंतर प्रांतोप्रांती नवी विद्यापीठं काढण्याची घाई सुरू झाली तेव्हाही त्यांनी सावध केलं होतं.

याच सुमारास वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक ठाकुरदास बंग अमेरिकेला शिकायला निघाले होते. ते गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचं असेल तर अमेरिकेपेक्षा भारताच्या खेड्यात जा, असं गांधीजी म्हणाले आणि बंग गेलेच नाहीत. त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग हा प्रसंग नेहमी सांगतात. डॉ. बंग स्वतः सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत शिकले. त्या शाळेला ते जादूची शाळा म्हणतात.

माझे मामा १९४८ मध्ये उत्तर बुनियादीत दाखल झाले. गांधीजी त्यांनी तिथे पाहिलेच नाहीत. ऑगस्ट १९४६ मध्ये बापू सेवाग्राम सोडून गेले ते परत आलेच नाहीत. मामा आर्वीकडच्या एका खेड्यातले, घरी कोरडवाहू कापूस-तूर. आजोबांनी त्यांना तिकडे पाठवलं त्यामागे ध्येयवाद किती आणि फी भरावी लागणार नाही हा हिशेब किती, हे सांगणं कठीण आहे.

आता त्या वह्यांकडे येतो. पहिल्या वहीवर विषयाचं नावच नाही. आत सूत आहे. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. एक रतल वजनात जितक्या गुंड्या बसतील तितका साधारण त्या सुताचा नंबर. सोळा गुंड्या बसल्या तर सोळा नंबरी सूत. मग प्रश्न येतो: एका माणसाला वर्षाला किती कापड लागतं? त्याला किती गुंड्या? दिवसाला किती तार? त्यासाठी किती कापूस, तो किती गुंठ्यांत पिकेल? पुढच्या पानावर कापसाच्या इतिहासाचं टिपण आहे, त्यात मँचेस्टर आहे. त्यापुढे बोंडअळीचं चित्र आहे, आणि ते चांगलंच काढलेलं आहे. गणित, भूगोल, इतिहास, जीवशास्त्र सगळं एका बोंडातून निघालेलं. याला त्यांचा शब्द होता समवाय. आम्ही प्राध्यापक मंडळी आंतरविद्याशाखीय असा लांबलचक शब्द वापरतो आणि परिसंवाद घेतो.

दुसरी वही स्वयंपाकघराची. विद्यार्थ्यांचं स्वराज्य असे. आमसभा भरे, मंत्री निवडले जात. कुणी अन्नमंत्री, कुणी सफाईमंत्री, कुणी आरोग्यमंत्री. मामा काही महिने अन्नमंत्री होते. शेर-छटाकांत आणि रुपये-आण्यांत मांडलेला हिशेब आहे. कोणत्या भाजीत काय सत्त्व, पालेभाजी बागेत किती निघाली, तेल कमी का पडलं, याच्या नोंदी आहेत. एका पानावर लिहिलंय, "भाकरी कच्ची राहिली. आमसभेत बोलणी बसली." तिसरी वही संडासांची आहे, म्हणजे सोनखताची. खड्डा किती खोल, माती केव्हा टाकायची, खत किती महिन्यांनी तयार होतं. भंगीकाम सगळ्यांनी पाळीपाळीने करायचं असे. आजीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, असं आई सांगायची. नयी तालीमचं खरं क्रांतिकारकत्व मला या तिसऱ्या वहीत दिसतं.

याच वर्षांत या कल्पनेला एक अनपेक्षित पाठबळ मिळालं. १९४८ च्या अखेरीस डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. झाकीर हुसेन त्याचे सदस्य होते. आणखी एक सदस्य होते आर्थर मॉर्गन. हे अमेरिकन अभियंते. टेनेसी खोऱ्यातल्या प्रसिद्ध प्रकल्पाचे ते पहिले अध्यक्ष, आणि त्याआधी ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचे प्रमुख. तिथे विद्यार्थी काही काळ वर्गात आणि काही काळ प्रत्यक्ष नोकरीत काढत. आयोगाच्या १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मध्यभागी विद्यापीठाच्या सामायिक सोयी आणि भोवती लहान लहान निवासी महाविद्यालयं, एकेकात तीनशेच्या आसपास विद्यार्थी, आणि शिक्षणात अभ्यासाइतकंच कामाला स्थान, असा तो आराखडा होता. मॉर्गन यांचं या विषयावरचं लेखन सेवाग्रामच्या तालीमी संघाने पुस्तिका म्हणून छापलं.

अशा वातावरणात पन्नासच्या दशकात सेवाग्रामने वरच्या पायरीवर पाऊल टाकलं. उत्तर बुनियादीतून आलेल्या थोड्याशा तरुणांना घेऊन ग्रामीण विद्यापीठाचा प्रयोग सुरू झाला. शेती, गोपालन, आरोग्य, बांधकाम, शिक्षण अशा गावाच्या गरजाच अभ्यासक्रम ठरवतील, ही त्यामागची कल्पना होती. इमारतींचा थाट नव्हता, कुलगुरूंचा झगा नव्हता. मामा तिथे १९५४ पर्यंत होते. चौथी वही त्या काळातली आहे. त्यात विहिरीच्या बांधकामाचं मोजमाप आहे, आणि एका गावाची घरोघर केलेली पाहणी आहे: कुणाकडे किती जमीन, किती कर्ज, कुणाकडे दूध आहे पण मूल पीत नाही.

मग मामा नोकरीसाठी निघाले. देशात १९५२ पासून सामूहिक विकास योजना सुरू झाली होती. खेड्यात काम करणारी माणसं हवी होती. यांच्याइतका लायक माणूस दुसरा कोण? एका कचेरीत गेले. कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "मॅट्रिकचा नंबर?" मामांनी सांगितलं, मॅट्रिक नाही, पण त्यापुढचं शिकलोय. कारकून म्हणाला, "काहून बाप्पा, पायाच नाही अन् माडी कुठून बांधली?" हा संवाद मामा नक्कल करून सांगत आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. तेव्हा आम्हा भाच्यांनाही हसू यायचं. आज येत नाही.

मामांच्या या एका अनुभवात त्या साऱ्या प्रयोगाची अडचण आली. सेवाग्रामला पदवी द्यायची नव्हती. पदवीच्या मागे लागलेलं शिक्षण हाच तर त्यांच्या मते रोग होता. पण देश चालत होता पदवीवर. पुढे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने चौकट पक्की केली. कायद्याने स्थापन झालेली किंवा कायद्याने मान्य केलेली संस्थाच पदवी देणार आणि तीच नावात विद्यापीठ हा शब्द लावणार. त्यात गैर काही नाही. भलत्यासलत्यांनी पदव्यांची दुकानं काढू नयेत म्हणून कायदा हवाच. पण पदवीचं दुकान आणि पदवीच नको म्हणणारी शाळा यांत फरक करण्याची सोय कायद्यात नसते.

सरकारने आपल्या परीने मधला मार्ग शोधला. डॉ. श्रीमाळी समितीच्या शिफारशीनुसार १९५६ मध्ये देशभर ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निघाल्या. आपल्याकडे अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पुढाकारातली आणि कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला जे. पी. नाईकांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठातली. तीन वर्षांची ग्रामसेवेची पदविका असे. नोकरीसाठी सरकार ती पदवीच्या बरोबरीची धरी, पण पुढे शिकायचं तर विद्यापीठं दार उघडायला कुरकुरत. हळूहळू यांतल्या बहुतेक संस्था नेहमीच्या विद्यापीठांना जोडलेली महाविद्यालयं झाल्या. तमिळनाडूतलं गांधीग्राम तेवढं १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं.

सेवाग्रामचं काय झालं? दोष एकट्या पदवीवर टाकून मोकळं होता येणार नाही. १९५१ मध्ये विनोबांचं भूदान सुरू झालं आणि चांगली चांगली माणसं पदयात्रेत गेली. गावोगाव जमीन मिळत असताना वर्गात कोण बसणार? १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. स्वतंत्र शिक्षणसंस्था म्हणून त्याचं अस्तित्व संपलं. १९६२ मध्ये देवीप्रसाद लंडनला युद्धविरोधी चळवळीच्या कामाला गेले. १९६७ मध्ये आर्यनायकम् गेले. त्याच वर्षी झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले. त्यांच्याआधीचे राष्ट्रपती राधाकृष्णन. खेड्याच्या शिक्षणाचे दोन महत्त्वाचे अहवाल ज्यांच्या नावावर, ते दोघं लागोपाठ राष्ट्रपतिभवनात राहिले, आणि सेवाग्रामची शाळा सत्तरच्या दशकात बंद पडली.

आणखी एक कारण आहे आणि ते बोलायला अवघड आहे. खेड्यातल्या आईबापांनाच हे शिक्षण नको होतं. शेतकऱ्याच्या पोराने शाळेत जाऊनही शेण-मातीच करायची, आणि शहरातल्या साहेबाच्या पोराने इंग्रजी शिकून साहेबच व्हायचं, हा कुठला न्याय, असं ते विचारत. ज्यांच्या जातीला पिढ्यानपिढ्या हातानेच काम करावं लागलं होतं त्यांना हस्तोद्योगाचं कौतुक काय सांगणार? त्यांना पुस्तक हवं होतं, खुर्ची हवी होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. हा प्रयोग गरिबांच्या आणि श्रीमंतांच्या मुलांवर एकाच वेळी झाला असता तर गोष्ट वेगळी. तसं झालं नाही.

खुद्द मामांनी काय केलं? गावी परतले. सुधारलेली शेती केली, दोन विहिरी बांधल्या, गावातला पहिला संडास त्यांनी बांधला, आणि कुणी आजारी पडलं की आधी लोक त्यांच्याकडे येत. पण स्वतःच्या दोन्ही मुलांना त्यांनी मॅट्रिक करायला लावलं आणि नागपूरला कॉलेजात घातलं. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, तुमचा विश्वास उडाला का?" ते म्हणाले, "विश्वास आहे रे. पण त्या कचेरीच्या दारात पोराला उभं करायची हिंमत नाही." मी स्वतः पदवीच्या जोरावर प्राध्यापक झालो, त्यामुळे पुढे काही विचारायचा अधिकार मला नव्हता.

पुढे नयी तालीम सरकारी शाळांत कशी उतरली तेही आपण पाहिलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणलं. आपल्या वाट्याला आला आठवड्यातला एक तास, खडू आणि मेणबत्त्या, आणि परीक्षकाला दाखवण्यासाठी बाजारातून विकत आणलेली कागदी फुलं.

आज वर्धा जिल्ह्याला विद्यापीठांचा तोटा नाही. उमरीच्या टेकडीवर केंद्र सरकारचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे. सावंगी मेघे इथलं खाजगी वैद्यकीय अभिमत विद्यापीठ २००५ पासून आहे. सेवाग्रामलाच डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे दिवस आश्रमात राहावं लागतं आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन घरोघर जाते. मामांच्या चौथ्या वहीतली पाहणी तिथे पदवीसकट जिवंत राहिली आहे, असं मला वाटतं. आणि नयी तालीमच्या जुन्या परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा भरते. मुलं मातीत काम करतात आणि त्यातून शिकतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आता महाविद्यालयांत हातच्या कामाला, गावातल्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत. माझी नात नागपूरला शिकते. तिला दोन महिने एका गावात पाण्याची पाहणी करायची होती. तिला मी मामांची चौथी वही दाखवली. तिने ती बराच वेळ चाळली, मोबाइलवर चार पानांचे फोटो काढले आणि म्हणाली, "आजोबा, आमच्या फॉर्मपेक्षा यांचे प्रश्न चांगले आहेत. दूध आहे पण मूल पीत नाही, हे आमच्यात कुठे लिहायचं?" त्या रकान्याचं काय करायचं ते तिच्या प्राध्यापकांनी ठरवावं. मी एवढंच सांगेन, सेवाग्रामला याल तेव्हा बापूकुटी पाहून लगेच परत फिरू नका. तशीच थोडी पायपीट करून पलीकडच्या नयी तालीमच्या परिसरातही जा.